जीनाच्या आमंत्रणात टोपणनावं

मस्कत, शुक्रवार, सुट्टीचा दिवस

आदरणीय मार्सेल मामांना,

भाचा जेसन याचा नमस्कार, आणि डोक्यावर हात ठेवण्याची विनंती, लांबून जमत असेल तर. मी बरा आहे. तुमचा गुडघा, मामींची शुगर आणि वाडीतली केळी ठीक असतील अशी आशा आहे. (केळीचं आधी विचारणार होतो, पण मम्मी म्हणाली माणसांचं आधी विचारायचं.) फोन करत नाही म्हणून गैरसमज नको. तुम्ही मला ब्लॉक केलंय, तेव्हा कागदच उरला. माझ्याबरोबर काम करणारा फेबियन सुट्टीवर आपल्या गावी, गिरीजला येतोय, त्याच्या हाती हे पाठवतो. तो घरात येणार नाही, गेटला अडकवून पळेल, तसं त्याने मला विमानात बसायच्या आधीच सांगितलंय.

आता झालं काय ते सांगतो. इथे गोदामात मला हल्ली कॉम्प्युटरवर बसवतात. माल पाठवणारे एकाच टोमॅटोचं नाव दहा तऱ्हांनी लिहितात. मग आम्ही एक तक्ता करतो: डाव्या रकान्यात जे लिहून आलंय ते, उजव्या रकान्यात जे पाहिजे ते. बटण दाबलं की कॉम्प्युटर हजारो ओळींत डावं शोधतो आणि त्या जागी उजवं बसवतो. चहा गार व्हायच्या आत. विचार करत नाही, लाजत नाही. (हा गुण असलेली माणसं आपल्या गावातही आहेत, पण ते जाऊ दे.)

जीनाच्या लग्नाची आमंत्रणं फोनवरून मी पाठवतो, असं मीच म्हणालो. पप्पा नाहीत, भाऊ परदेशात, निदान एवढं तरी. मम्मीने बोलून बोलून यादी पाठवली. समोर कोणी बसलेलं असेल तेव्हा ती चांगलं नाव सांगायची, आणि एकटी मासे साफ करत असेल तेव्हा टोपणनाव. यादी अर्धी अशी, अर्धी तशी. म्हटलं, तक्ता करू, सगळी टोपणनावं काढून चांगली नावं बसवू. मम्मीला जोड्या विचारल्या. ती सांगायची, 'जितेश, म्हणजे आपला उद्या.' 'बेटी, म्हणजे आपली सायरन.' मी ऐकलं तसं टाइप केलं. डावीकडे जितेश, उजवीकडे उद्या. बटण दाबलं. तपासून बघायचा मला कंटाळा, त्याच कंटाळ्याने दहावी राहिली हे तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांना एकदम पाठवून मी जेवायला गेलो.

परत येऊन बघतो तर नळवाल्या जितेशला 'श्री. उद्या आणि परिवार' असं सप्रेम निमंत्रण गेलेलं. चर्चच्या गायकवृंदातल्या बेटी मावशीला 'श्रीमती सायरन'. ज्या नावांनी सगळं गाव एकमेकांच्या पाठीमागे बोलतं, ती मी क्रूसाच्या चित्राखाली, सोनेरी अक्षरांत, ज्याची त्याला पोचवली. आणि तुम्हाला गेलं: 'आदरणीय श्री. स्टे ऑर्डर, आपल्या संमतीशिवाय आमचं कार्य पुढे सरकणार नाही.' मामा, नावापुढचं ते वाक्य सगळ्यांच्याच पत्रिकेत होतं. तुमच्या बाबतीत ते खरं निघालं यात कॉम्प्युटरचा दोष नाही.

नाव वाईट हेतूने पडलेलं नाही. जीनाला आलेल्या एका स्थळाचं घर रस्त्याला लागून म्हणून तुम्ही नको म्हणालात, दुसऱ्याचं रस्त्यापासून लांब म्हणून. पापडी गावच्या या मुलाला तुम्ही 'बघू' म्हणालात, तर आपल्याकडे पेढे वाटले.

बाकीच्यांचा राग उतरला. बेटी मावशी म्हणाली, लग्नाला येईन, पण माझ्या शेजारणीला काय नाव गेलं तेवढं आधी सांग. तुम्ही मात्र येणारच नाही म्हणता. रागावण्याचा तुमचा हक्क आहे. माझ्यावर रागवा. जीनाने फक्त नवरा पसंत केला, रकाने मी भरले.

मामींना नमस्कार.

तुमचा,
जेसन

ता.क. सदानंद मास्तरांचीही समजूत काढावी लागणार आहे. त्यांना टोपणनाव नाही, म्हणून त्यांना नीट नावाने पत्रिका गेली. आता त्यांना वाटतं, त्यांचं टोपणनाव लिहिण्यासारखं नसावं.

ता.क. २ मला सुट्टी मिळाली नाही. मम्मीला अजून सांगितलेलं नाही. पप्पांच्या जागी जीनाला वेदीपर्यंत मी नेणार होतो. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग मार्सेल मामा. ते नाहीत तर कोणी नको, मी एकटी चालत जाईन." ती खरंच जाईल. तुमचीच भाची आहे. पत्र खरं तर एवढ्याचसाठी लिहिलं, वरचं सगळं धीर गोळा करायला.

ता.क. ३ लग्नाची घोषणा करताना कोणाची हरकत असेल तर कळवा असं फादर म्हणाले, तेव्हा सगळं चर्च मागे वळून तुमच्याकडे बघत होतं म्हणे. तुम्ही गप्प बसलात. मम्मी ते सांगताना रडली. तेव्हा आता रुसण्यात अर्थ नाही. शिवाय मामींनी तुमच्या सुटाचं माप शिंप्याला देऊनही टाकलंय. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं.