घरच्यांचं चालत न्हाय

शनिवार, दिवेलागण, वडगाव

रांगत हुती तवापास्नं नात मी वाढवली, आणि तिच्या परदेशातल्या कॉलेजाला माझं पत्र चालत न्हाय! सुमी म्हणती, "आज्जी, शिफारस सरांचीच लागती. घरच्यांचं चालत न्हाय." सरच लिवणार, सरच धाडणार, पोरीनं वाचायचंबी न्हाय.

नियम खोटा न्हाय म्हणा. सून बघताना आमीबी तिच्या शेजारणीलाच इचारलं हुतं. आई काय पोरीला वाईट म्हणती? घरच्यांचं चालत न्हायच.

खरं ती गेल्यावर घरातल्या ह्या कापडाच्या मागाच्या खडखडाटात मी वरडून बोलायचं कुणाशी?

पत्र धाडायच्या आदी पोरगी नक्की जाणार काय, हे इचारायला उद्या सर फोन करणार हायत. सुमे, तो तूच उचल. मी उचलला तर "न्हाय" म्हणून ठीवीन.