तीन कार्डांचं उत्तर

आनंद नगर, भोपाळ
रविवार

प्रिय सुचेता,

परवा फोनवर तू विचारलंस, की बाबा रोज फाटकाशी जाऊन ‘डाक आली का’ म्हणतात, नाही म्हटलं की भरल्या ताटावरून उठतात, तर हे वाट तरी कुणाच्या पत्राची बघतात? मी म्हणालो, मला काय ठाऊक, वय झालं की होतं असं. साफ खोटं बोललो, बेटा. मला ठाऊक आहे, आणि आता फक्त मलाच ठाऊक आहे. मिसरोद काही विलायतेत नाही, बसने तासाभरात तुझ्या दारात आलो असतो. पण सत्तरी उलटली तरी तोंडावर सांगायचा धीर होत नाही. आणि पोस्टाने लिहिण्याला आणखीही एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

तुझ्या बाबाने, म्हणजे माझ्या दादाने, तुला कैदेच्या गोष्टी सांगितल्या त्या सगळ्या हसण्याच्या. डाळीत डाळ शोधायची शर्यत, हजेरीला दर वेळी एक माणूस जास्तच भरवणारा तो शिपाई, वगैरे. खरी गोष्ट मला त्याच्या पलटणीतल्या एका साताऱ्याच्या हवालदाराने सांगितली. एकाहत्तरच्या डिसेंबरात सरहद्दीवर दादाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती, तरी मागे फिरायला त्याला पुरेसा वेळ होता. पण पायाला गोळी लागलेला एक सोबती खंदकात राहिला होता. दादा त्याच्याजवळ बसून राहिला आणि दोघंही पकडले गेले. मी त्याला एकदा विचारलं, तर म्हणाला, अरे, दमलो होतो म्हणून बसलो.

इकडे भोपाळला आमच्या पिपलानीच्या क्वार्टरमध्ये तार आली : बेपत्ता, बहुधा मृत. तुझे आजोबा कारखान्यात फोरमन, अख्ख्या वर्कशॉपवर जरब असलेला माणूस, तो तार हातात धरून ओट्यावर बसून राहिला. दोन महिने वाट बघितली. मग नागपूरची वडीलधारी मंडळी आली आणि ठरलं, की मुलाला गती मिळायला हवी. देह हाती लागला नाही की आपल्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आजोबांच्याने ते होईना. सायकल हाणत रायसेन रोडवरून पानं मी आणली आणि अग्नीही मीच दिला. एकोणीस वर्षांचा होतो. त्या दिवसापासून तुझ्या आईने, लीलावहिनीने, कुंकू लावलं नाही.

एप्रिलात पहिलं कार्ड आलं. घरी मी एकटाच होतो. पोस्टमन म्हणाला, “भैया, सरहद पार का है, सँभाल के रखना.” पहिलीतल्या पोराने लिहावं तशी वेडीवाकडी अक्षरं : मी खुशाल आहे. उत्तर पाठवा. नारायण. आता दादाचं अक्षर कसं, तर शाळेत फळ्यावरचा सुविचार नेहमी त्यानेच लिहायचा. हे त्याचं नव्हेच, मी ठरवून टाकलं. मेलेल्याच्या खिशातला पत्ता बघून शत्रूने काही चाल केली असेल असं वाटलं. तुझी आजी तेव्हा कुठे दोन घास गिळू लागली होती. मी कार्ड कंपासपेटीत तळाच्या कागदाखाली सारलं. जूनमध्ये दुसरं आलं. ते मी दहादा वाचलं, पण सुचेता, ज्याला मी माझ्या हाताने अग्नी दिला तो जिवंत आहे हे मानणं मला झेपेना. सप्टेंबरात तिसरं आलं. त्यावर एवढंच होतं : भालू, तू तरी लिही.

भालू मला तो एकटाच म्हणायचा. तेव्हा सगळं कळलं. पण आधीची दोन का लपवलीस, याला काय सांगणार होतो? मी भेदरलो आणि तेही कागदाखाली सारलं. नोव्हेंबरअखेर सरकारी पत्र आलं आणि आठवड्याभरात दादा भोपाळ स्टेशनवर उतरला. बराकीत सगळ्यांना घरची पत्रं यायची, वर्षभरात त्याला एकही आलं नव्हतं.

त्याला घरात घ्यायचा कसा, हा नवाच पेच. ज्याचं दिवसकार्य झालं तो परतला तर त्याने पुन्हा जन्म घ्यायचा, असं अरेरा कॉलोनीतल्या गुरुजींनी पोथी उघडून सांगितलं. मग काय! सत्तावीस वर्षांच्या मिशाळ फौजीला तूप चोळून न्हाऊ घातलं, तो पाळण्यात मावेना म्हणून त्याची टोपी निजवली, आत्याने कानात नाव सांगितलं आणि पोरींनी तिच्या पाठीत धपाटे घातले. नाव बदलायचं का, असं गुरुजींनी विचारलं, तर दादा म्हणाला, नारायणच राहू द्या, पलटणीच्या रजिस्टरात खाडाखोड नको. दुसऱ्या दिवशी तुझ्या आईशी त्याचं पुन्हा लग्न लागलं. तुमच्याकडे लग्नाचा वाढदिवस दोनदा का होतो, ते हे. त्या गडबडीत आजी त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, एक ओळ तरी लिहायची होतीस रे! दादाने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. माझ्यापाशी नजर थांबली. मग बोटं गेलेला हात पुढे करून म्हणाला, कशाने लिहू आई, हात हा असा.

तो खोटं बोलला, माझ्यासाठी. मनात आणलं असतं तर त्याने तिथल्या तिथे मला सोलून काढलं असतं. पण त्या दिवसानंतर बावन्न वर्षांत त्याने तो विषय काढला नाही. टोमणासुद्धा नाही. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

पुढे तो कारखान्यात स्टोअरला लागला, मी मशीन शॉपला. मालाची प्रत्येक चिठ्ठी त्याच्या डाव्या हातची. बराकीच्या फरशीवर कोळशाने गिरवून कमावलेलं तेच अक्षर, जे मी ओळखलं नव्हतं, तीस वर्षं रोज माझ्या हातात पडायचं. आणि दर रविवारी हा गृहस्थ खिशात इनलँड पत्रं घेऊन कारखान्याच्या हॉस्टेलवर जायचा. कोण बलियाचा, कोण भंडाऱ्याचा, नव्याने लागलेल्या प्रत्येकाला दटावून बसवायचा : “चलो, पहले घर लिखो, फिर कॅरम.” तुला वाटायचं, बाबांना समाजसेवेचा नाद आहे. मला मात्र रविवारी तिकडून जाववत नसे.

वहिनी गेली आणि तो हळूहळू त्या बराकीत परत गेला. तुझं नाव विसरतो, पण तिथली डाकेची वेळ विसरलेला नाही. आता तरी त्याला त्याचं पत्र मिळायला हवं, आणि पोस्टमनच्याच हातून मिळायला हवं. म्हणून याच डाकेने त्याच्या नावाने एक साधं कार्ड टाकलंय. तुमच्या पोस्टमनला सांग, फाटकाशी उभ्या म्हाताऱ्याच्याच हातात द्यायचं. त्यात काही वाक्यं खोटी आहेत, तेवढी पोटात घाल. त्याला वाचता आलं नाही तर तू वाचून दाखव. मजकूर खाली उतरवून देतो, आणि तुझी रजा इथेच घेतो.

प्रिय दादा,
तुझी तिन्ही कार्डं मिळाली. अक्षर आता ओळखतो. आई, बाबा, वहिनी खुशाल आहेत. वहिनी कुंकू लावते. उत्तराला उशीर झाला, तो डाकेमुळे नाही, माझ्यामुळे. घरी सगळे वाट बघताहेत. आता जेवून घे.
तुझाच,
भालू