हिरवळीच्या टोकाशी

६ मार्च

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. (साष्टांग कागदावरच. दिवसभर वाकून कंबर धरलीय.)

बाबा सुखरूप पोचले. वहिनीला म्हणावं, गुडघ्याचं ऑपरेशन शांतपणे करून घे, बाबांची चिंता माझ्यावर सोड. फोनवरही मी हेच म्हणाले. पण इस्टेटीवर मला राहायला दिलेलं हे माळ्याचं जुनं घर दोन खोल्यांचं, इकडची कुजबुज तिकडे ऐकू जाते. म्हणून खरं काय ते पत्रात लिहितेय. दादा, मला भीती वाटते.

तू ही इस्टेट पाहिलेली नाहीस. मोठ्या घराच्या दिवाणखान्यातून पाहिलं तर हिरवळ थेट खालच्या कुरणापर्यंत उतरत गेलेली दिसते, आणि कुरणातल्या गायी जणू आपल्याच दारात चरतायत. प्रत्यक्षात मध्ये खोल चर आहे. चराची घराकडची बाजू म्हणजे उभी दगडी भिंत, पुरुषभर उंच, आणि तिचा माथा हिरवळीशी अगदी समतल. गायींना खालून भिंत दिसते, त्या वर येत नाहीत. वरच्या माणसांना मात्र काही म्हणजे काही दिसत नाही. पूर्वी ज्याने ही बाग आखली त्याला देखाव्यात कुंपण नको होतं, म्हणून ही युक्ती. पुढे कुणीतरी काठाने तार ठोकली. ती काढून बाग पहिल्यासारखी करायची, हेच तर माझं काम. बाबा यायच्या आदल्या आठवड्यात मी ती उपटून टाकली.

आणि बाबा रोज त्या गायींकडे चालत निघतात. काल त्यांना अगदी काठाजवळ गाठलं. ओरडले असते तर दचकले असते, म्हणून धावत जाऊन नुसता दंड धरला. म्हणाले, एवढ्याशा धावण्याने धाप लागते? व्यायाम कमी पडतोय तुझा. मी चर दाखवला, तर बापरे म्हणाले. धोक्याची पाटी वाचायला लावली, ती त्यांनी शाळेतल्यासारखी खणखणीत वाचली. दुपारी पुन्हा निघाले.

कोंडून ठेवू का त्यांना? तूच सांग.

लोभ नेहमीइतका पुरणार नाही, थोडा वाढवून पाठव.

तुझी
भिंगरी


११ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. (चाळिशी उलटलेल्या बाईला चिरंजीव लिहिताना हात अडखळतो, पण सवय.)

ऑपरेशन छान झालं. तुझी वहिनी पलंगावरून घर चालवतेय. काल मी चिरलेल्या भाजीकडे बघून तिने विचारलं, ही गुरांसाठी का?

बाबांना कोंडू नकोस. चालणं बंद झालं तर ते आठवडाभरात अंथरूण धरतील. आणि तू मुळातच घाबरट. लहानपणी पडद्यामागे पावलं दिसली म्हणून किंचाळली होतीस, ती माझीच निघाली होती. बाबा विसरतात हे खरं, पण अगदीच हातचे गेलेले नाहीत.

मला एक सुचतंय. उभा जन्म त्यांनी शाळेच्या मैदानावर काढला. फक्कीच्या रेघेवर कुणाचं पाऊल पडलं की शिट्टी, आणि मी मुलगा म्हणून मला दोनदा. पाटी विसरतील, तुझंमाझं नाव विसरतील, पण फक्की ओलांडायची नाही हे ते विसरणार नाहीत. काठाच्या अलीकडे पांढरी रेघ मारून बघ.

वहिनीचे आणि माझे आशीर्वाद. पत्राची वाट बघतोय, दाखवत नाही इतकंच.

दादा


१८ मार्च

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. आज खरंच साष्टांग घालायला हवा तुला!

रेघ मारली. इस्टेटीच्या व्यवस्थापकांनी नाक मुरडलं. दिवाणखान्यातून पांढरं दिसता कामा नये म्हणाले. म्हणून ती काठाला अगदी लागून मारावी लागली. बाबा आले, रेघ पाहिली आणि थांबले! अंगठे रेघेच्या बरोब्बर मागे, हात पाठीशी. गायींकडे मन भरेस्तोवर पाहिलं आणि वळले. रोज तसंच करतात. काल कुंपणझुडपं कातरणाऱ्या माळीबुवांचा बूट रेघेवर पडला, तर बाबांनी त्यांना मागे जाऊन पुन्हा यायला लावलं. माळीबुवा गेलेही. मला म्हणाले, बाई, तुमच्या वडिलांपुढे आमचे साहेब काहीच नाहीत.

मी पुन्हा जेवायला लागलेय. तरी उठल्याबरोबर आधी बाबांचे बूट जागेवर आहेत का ते बघते. मला घाबरट म्हण हवं तर.

वहिनीला हळू चालायला सांग. लोभ पोचला, पुरला.

भिंगरी


२५ मार्च

दादा,

आज नमस्कार वगैरे सुचत नाही. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, रडूच येत होतं. आता इथे इस्पितळात बाकावर बसून लिहितेय.

मी बागेतल्या तलावापाशी कामात होते. माळीबुवा शिडीवर होते, त्यांनी पाहिलं. बाबा नेहमीसारखे रेघेपाशी गेले. मग वळले, पावलं मोजत मागे आले, बूट काढून शेजारी शेजारी ठेवले. तळहात एकमेकांवर चोळले. माळीबुवांना वाटलं, पायात काही टोचलं असेल. मग बाबा धावले. माळीबुवा ओरडले तेव्हा त्यांनी हात वर केला, थांब, तुझी पाळी नंतर, असा. आणि रेघेवर पाय देऊन उडी मारली.

लांब उडी, दादा. या वयात. अगदी शास्त्रशुद्ध, असं माळीबुवा रडत रडत सांगत होते.

मांडीचं हाड मोडलंय. उद्या सळई घालणार आहेत. मी पोचले तेव्हा ते चरात भिंतीला टेकून बसले होते. चेहरा पांढरा पडला होता, आणि ते मला सारखं विचारत होते की जमीन कुठे गेली. मी काय सांगू त्यांना?

भिंगरी


२८ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

ऑपरेशननंतर बाबा शुद्धीवर आले, बोलले, हे फोनवर कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात खालीच बसलो. वहिनी काठी टेकत माझ्याजवळ आली, एवढी ती पहिल्यांदाच चालली.

रेघ माझी कल्पना होती. आपण त्यांना नेहमी शिट्टी तोंडात धरून बाजूला उभे पाहिलं, म्हणून रेघ अडवण्यासाठी असते एवढंच आपल्या डोक्यात बसलं. मास्तर होण्याआधी ते स्वतः उडी मारायचे, हे मला माहीत होतं गं. मला आठवलंच नाही. विसरण्याची पाळी काय त्यांचीच होती?

तू माझ्यावर रागव, पण गप्प बसू नकोस. ते चालतील ना? वहिनी जिने चढायला लागली की मी निघतोच.

आम्हा दोघांचा जीव तिकडेच आहे.

दादा


१९ एप्रिल

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. रागावले नाही. रेघ तू सांगितलीस, मारली मी.

तारेचं कुंपण मी परत घातलं. देखावा बिघडला, असं व्यवस्थापक म्हणाले. बिघडू दे म्हटलं.

हाड जुळतंय. डॉक्टर म्हणतात, चालायलाच हवं. पण बाबा पाय टेकत नाहीत. इस्पितळातली फरशी सपाट आहे, हीच त्यांची अडचण. पलंगावरून पाय खाली सोडतात, फरशीकडे बघतात आणि पाय वर ओढून घेतात. नर्सने समजावलं, मी समजावलं. काल मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, दिसतेय सपाट, पण असेलच असं नाही. डोळ्यांना चकवेल अशी जमीन आखण्यात माझा हातखंडा, आणि बाप फरशीला घाबरतोय. आता ते कधीच उठले नाहीत तर?

आज मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि दोन्ही हात धरले. म्हटलं, मी पाठमोरी चालते. जिथून मी पाय उचलेन तिथेच तुमचा ठेवा, तिथे जमीन आहे, मी आत्ताच त्यावर उभी होते. बराच वेळ ते माझ्या पावलांकडे बघत राहिले. मग एक पाय टेकला. सगळा भार माझ्या मनगटांवर आला. मग दुसरा पाय. मी मागे, ते पुढे.

खोलीच्या मध्यावर ते एकदम थबकले. वाटलं, आता खाली बसणार. पण त्यांनी माझे हात घट्ट आवळले आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत मला दटावलं, की थांब, मागे स्टूल आहे, न बघता काय चालतेस, पडशील ना. मग मला बाजूला घेत घेत, एकेक पाऊल टाकत, त्यांनी मला त्या स्टुलाला वळसा घालून खिडकीपर्यंत आणून सोडलं.

वहिनीला हे वाचून दाखव. उद्या पुन्हा चालायचंय. लोभ असू दे, आम्हा दोघांवर.

तुझी
भिंगरी