कर्नलला सुतकातून सोडवा

अहो,

काल, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९६३ रोजी, सकाळी अकरा वाजता, हलसूरच्या आपल्या घरात, तुमच्याच आरामखुर्चीत बसून तुमच्या धाकट्या भावानं तुमच्या घोड्याला मृत्युदंड सुनावला. आपल्या वसंतानं मान खाली घातली. गुरांच्या डॉक्टरांनी येत्या सोमवारी सकाळी दहाची वेळ दिली. मी दाराआड उभी होते. विधवेनं बैठकीत यायचं नसतं, म्हणे!

म्हणून लिहिते आहे. तुम्ही छावणीवर असताना मी लिहायची ती पत्रं ‘वसंत खुशाल आहे, काळजी नसावी’ इथं संपायची. हे तसलं नाही. काळजी असावी. मायन्यात ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तुम्ही चष्मा काढून पुसला असता, म्हणून नेहमीसारखं ‘अहो’च.

कर्नल चावतो. खरं तेच सांगते, लपवत नाही. रविवारी भावजी त्याला केळं द्यायला गेले, तर केळं सोडून त्यानं त्यांचा खांदा धरला. सदरा फाटला, रक्त आलं. त्याआधी तबेल्याच्या दाराची फळी लाथेनं फोडून झाली होती. दिवसभर मान इकडून तिकडे डोलवत उभा असतो. लाकूड कुरतडतो. पाणी ठेवायला कुणी गेलं की कान मागं टाकून पाठ फिरवतो. आणि पहाटे तुम्ही खोगीर घेऊन जायचात ना, त्या वेळेला असं काही दार ठोकतो की सगळी गल्ली जागी होते. तुम्हाला उशीर झालाय असं त्याला वाटतं. मलाही अंथरुणात क्षणभर तसंच वाटतं.

लोक म्हणतात, वेड लागलंय. वेड! मग तुम्ही असताना का नव्हतं लागलं?

हा घोडा आणलात तेव्हाच मी बोलले होते. रेसकोर्सवरून काढून टाकलेला, एकही शर्यत न जिंकलेला घोडा, आणि घेणारे तुम्ही, जमादार म्हणून रिसाल्यातून निवृत्त झालेले. वर त्याचं नाव ठेवलंत कर्नल! ‘उभी हयात कर्नलांना सलाम ठोकले, आता कर्नलच्या पाठीवर बसतो,’ म्हणालात आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसलात. मी हसले नव्हते. आता तो आवाज नाही, तर घर खायला उठतं.

पण एक मानलं पाहिजे. थंडी असो, ताप असो, त्याला एक दिवस तुम्ही उभा ठेवला नाहीत. तळ्याला वळसा घालून परेडच्या मैदानापर्यंत जायचात आणि घामानं चमकणारा घोडा घेऊन परत यायचात. त्यानंतर दिवसभर तो शेळीसारखा. गल्लीतली पोरं त्याच्या पोटाखालून पलीकडे जायची.

आणि आता त्याला उभा कुणी केला, ठाऊक आहे? तुम्ही! तुमच्या नावानं केलंय सगळं.

तुम्ही तर झोपेतच गेलात, कुणाला काही सांगायची सवड न देता. दहाव्याला सगळे श्रीरंगपट्टणला नदीवर गेले. बायका जात नाहीत, म्हणून मी घरीच होते. जे झालं ते वसंतानं मागून सांगितलं. पिंडाला कावळा शिवेना. झाडावर बसलेत, बघताहेत, पण खाली येत नाहीत. मग एकेकानं हात जोडून तुमच्या इच्छा ओळखायला सुरुवात केली. भावजी म्हणाले, “अण्णा, वहिनींना अंतर देणार नाही.” कावळा हलला नाही. त्याला माहीत असणार! शेवटी वसंत पुढं झाला. म्हणाला, “अप्पा, कर्नलला विकणार नाही. वर्षभर त्याच्या पाठीवर कुणी बसणार नाही, त्याला फाटकाबाहेर कुणी नेणार नाही. आमच्यासारखं तोही तुमचं सुतक पाळील.”

आणि कावळा उतरला.

सगळ्यांनी डोळे पुसले. भटजी म्हणाले, जीव घोड्यातच अडकला होता. त्या दिवसापासून कर्नल देव झाला, अहो. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढं हात जोडतो, नाक ओढतो आणि काहीतरी चारतो. कुणी गूळ, कुणी केळी. शिवाय उकडलेले हुलगे दोन्ही वेळा बादली भरून, तुम्ही असताना मिळायचे त्याहून जास्तच. “अप्पांचा लाडका आहे, त्याला कमी पडू देऊ नका,” असं वसंत बजावतो. खुराक शर्यतीच्या घोड्याचा आणि काम देवळातल्या दगडी नंदीचं! पाच महिने!

मी कॉन्व्हेंटात शिकले आणि पुढं तिथंच केस पिकेपर्यंत शिकवलं. मला घोडा कळत नसेल, कोंडलेलं पोर चांगलं कळतं. पावसामुळे मधली सुट्टी वर्गात काढावी लागली, की शेवटच्या तासाला सगळ्यात गरीब मुलगीसुद्धा पुढचीची वेणी दौतीत बुडवायची. आमच्या मदर अशा वेळी कुणाला शिक्षा करत नसत. पाऊस थांबला की साऱ्या वर्गाला जोडीजोडीनं चर्चभोवती फेऱ्या मारायला पाठवत. परत यायच्या त्या मुली देवदूत! हे मी भावजींना सांगितलं. ते म्हणाले, “वहिनी, ती ख्रिस्ती पद्धत.” घोड्याचे पाय कुठल्या धर्माचे असतात, ते विचारायचं राहून गेलं.

आणि माझं काय चाललंय म्हणता? मीसुद्धा पाच महिने फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. वर्ष पुरं होईपर्यंत टाकायचं नाही, असं भावजींनी ठरवलंय. रोज संध्याकाळी तळ्यापर्यंत पायी जाणारी मी, आता तुळशीभोवती फिरते. मोलकरणीवर ओरडते. भांडी आपटते. मी अजून कुणाला चावले नाही, एवढाच फरक.

तर काल. डॉक्टरांनी सोमवारची वेळ दिली आणि मी दाराआडून सरळ बैठकीत आले.

“वहिनी, आत बसा. स्वल्प समजून घ्या,” भावजी म्हणाले. खांद्याला पट्टी बांधून असे बसले होते, जणू लढाईवरून आलेत.

“आतून ऐकतच होते भावजी. आता जवळून ऐकते.”

डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. जनावर धोकादायक झालंय, मॅडम, वगैरे. मी त्यांच्याहून बऱ्या इंग्रजीत विचारलं, “हा दिवसाला खातो किती ते विचारलंत? आणि चालतो किती?” ते वसंताकडे बघू लागले.

“अम्मा, अप्पांना शब्द दिलाय,” वसंत म्हणाला.

“तू शब्द कावळ्याला दिलास.”

“असं बोलू नये वहिनी,” भावजी म्हणाले. “अण्णाच्या पाठोपाठ जाईल बिचारा. अण्णालाही तिकडं सोबत होईल.”

“सोबतच पाठवायची असेल तर मला पाठवा. मी घोड्यापेक्षा जवळची!”

“सरी, सरी, बरंय,” म्हणत डॉक्टरांनी बॅग उचलली. अशा घरातून लवकर निघावं, हे त्यांना कळलं असावं. पण सोमवार बदलला नाही.

सगळे गेल्यावर मी वसंताला स्वयंपाकघरात गाठलं. चांगली खरडपट्टी काढायच्या तयारीत होते. तो भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, “अम्मा, लहानपणी मी घोड्यावरून पडलो, तेव्हा अप्पा काय म्हणाले आठवतं? ‘याला कारकून करा.’ झालो कारकून. त्यानंतर माझी एक गोष्ट त्यांना कधी पटली नाही. त्या दिवशी नदीवर सगळ्यांचं बोलून झालं आणि अप्पांनी माझं ऐकलं. माझं, अम्मा! तो शब्द मी मोडू?”

माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. तिच्यावरची खरडपट्टी मी गिळली.

“मग त्याला मारणार?” मी विचारलं.

“विकला तर शब्द मोडतो. बाहेर नेला तर मोडतो.” तो रडत होता. एवढा मोठा बाप्या माणूस, ऑफिसच्या कपड्यांत, डोळे मनगटानं पुसत!

हे तुम्ही करून ठेवलंय, अहो. मी तुम्हाला किती वेळा सांगितलं, पोराच्या पाठीवर एकदा हात ठेवा. तुम्ही म्हणायचात, त्याला कळतं. नाही कळलं! घोड्याला न बोलता कळेल यावर तुमचा विश्वास नव्हता, त्याची मान रोज थोपटत होतात. पोरानं आपलं आपण समजून घ्यायचं! मग त्यानं एका पाखराच्या उतरण्यात तुमची मर्जी शोधली, तर त्याला मूर्ख कसं म्हणू?

आज सकाळी वसंत ऑफिसला गेल्यावर मी हुलग्यांची बादली परत पाठवली. सुकं गवत टाकलं. मग कर्नलला लांब दोर बांधून अंगणात काढला. तुम्ही मध्ये उभं राहून त्याला गोल फिरवायचात, ते मी ओसरीवर वह्या तपासताना वर्षानुवर्षं पाहिलंय. पण पाहणं वेगळं! बाहेर येताच त्यानं मागचे दोन्ही पाय आभाळात झाडले आणि मला तुळशीपर्यंत फरफटत नेलं. तळहात सोलले, म्हणून अक्षर असं आलंय. मी दोर सोडला नाही. वर्गात वापरायचे त्या आवाजात त्याचं नाव घेत राहिले. बऱ्याच फेऱ्यांनंतर त्याची मान खाली आली, नाक फुरफुरलं, आणि घामाघूम होऊन तो माझ्या पदराला तोंड घासत उभा राहिला. कान पुढं होते, अहो! पाच महिन्यांत पहिल्यांदा! वेड्या जनावराचे कान असे असतात?

भावजींनी त्यांच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं. बाहेर येऊन, ‘सुतकात घोडा खेळवायचा नसतो,’ म्हणत त्याला आत घातलं, तबेल्याला कुलूप लावलं, आणि संध्याकाळी किल्ली वसंताच्या हातात दिली. वसंतानं घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

आता माझं ठरलंय ते ऐका. होसकोट्याला तुमच्या रिसाल्यातले रहीमभाई आहेत. भेटायला आले तेव्हा म्हणाले होते, “भाभी, माझं रान मोकळं आहे, घोडा माझ्याकडं पाठवा.” वसंतानं वचनाचं सांगून त्यांना नाही म्हटलं. रविवारी उजाडताच मी कर्नलला घेऊन पायी होसकोट्याला निघणार. महादेवपुऱ्यावरून रस्ता सरळ आहे. दिवसभराची चाल. माझे गुडघे कुरकुरतात, आणि एखादी लॉरी बघून तो उधळला तर दोर माझ्या हातात राहणार नाही, एवढं कळतं मला. त्याची मला भीती वाटते. तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण पहिल्या दिवसापासून वाटते. तरी सोमवारी दहा वाजता ओसरीवर बसून त्या डॉक्टरांची वाट बघणं माझ्यानं होणार नाही. तुमच्यामागं या घरात तुमचा हात ओळखणारं आणखी कोण उरलंय?

वचन देते, मला चालवेल तोवर त्याला एक दिवस उभा ठेवू देणार नाही. होसकोट्याला बसनं जात राहीन, रहीमभाईंवर नजर ठेवीन. भावजींनी फाटक अडवलं, तर फाटकातच बोलेन, आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलेन.

पण कुलूप फोडून मी त्याला नेणार नाही. फोडता येईल, हातोडी कुठं असते ते मला माहीत आहे. पण मग वसंताचा शब्द मी मोडला असं होईल आणि तो जन्मभर ते विसरणार नाही. किल्ली त्यानं आपल्या हातानं द्यायला हवी. माझ्या सांगण्यावरून तो देणार नाही. तुमच्या सांगण्यावरून देईल.

म्हणून उत्तर पाहिजे. स्वप्नात येऊन सांगितलेलं चालणार नाही, भटजींच्या तोंडून तर नाहीच. कागदावर, तुमच्या अक्षरात, सहीनिशी. मला लिहू नका, वसंताला लिहा. त्यानं शब्द पाळला, आता तुम्ही त्याला त्यातून मोकळं केलंत, आईला किल्ली द्यावी, असं लिहा. आणि त्याच्या हातचं काहीतरी तुम्हाला आवडलं होतं, तेही लिहा. काय ते तुम्ही आठवा. मी सुचवणार नाही.

शनिवारी दुपारच्या टपालाची मी फाटकाशी उभी राहून वाट बघेन. तोवर लिहा, अहो. शनिवारी दुपारपर्यंत.

तुमची,
मनोरमा