पट्टीवरचे नऊ दिवस

३ मार्च, सोमवार

पाऊस मिळाला! चाळीस वर्षांचा, रोजचा, फुकट. वाराही मिळाला. समुद्रतळाची खोली मिळाली, जरा जुनी आहे, पण चालेल. दिवसभर एकामागून एक सरकारी वेबसाइट उघडत बसले. निम्म्या उघडतच नाहीत, उरलेल्या लॉगिन मागतात, आणि लॉगिन केलं की म्हणतात 'पान सापडले नाही'. अरे, मग नाव-गाव कशाला विचारलंत!

अर्जंटराव सकाळीच टेबलावर बोटं वाजवून गेले. (आमचे साहेब. दुसरं नाव तोंडात येतच नाही.) "विकतचा डेटा नाही हं. जगाला जे खुलं आहे तेच वापरायचं. पुढच्या शुक्रवारी वादळी पाण्याचं मॉडेल, आणि लगोलग भिंतीची उंची." भिंत म्हणजे जेट्टीपासून खाडीच्या तोंडापर्यंतची समुद्रभिंत. तिच्यामागे दोनशे बारा घरं. मी जो आकडा देणार, तेवढीच ती उभी राहणार.

आता फक्त भरती-ओहोटीची रीडिंगं राहिली. ती मात्र मला शोधावी लागत नाहीत. आमच्याच जेट्टीवरची पट्टी — पाण्यात उभी केलेली, सेंटिमीटरच्या खुणांची फळी. बाबांनी ती एकतीस वर्षं वाचली. दिवसातून चारदा, दोन भरत्या, दोन ओहोट्या. आता ते सगळे आकडे साइटवर चढवलेत, आणि पानाच्या तळाशी 'निरीक्षक' म्हणून बाबांचं नाव.

घरी येऊन दाखवलं. चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. "ठमे, हे सगळ्या जगाला दिसतं?" दिसतं, म्हटलं. लगेच शेजारच्या मास्तरांना बोलावून आणलं. चहा मला करावा लागला.

४ मार्च, मंगळवार

बाबांनी आज मास्तरांच्या सुनेला, गॅसवाल्याला आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी बाईला साइट दाखवली. संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत पहिला प्रश्न — "माझी रीडिंगं घातलीस का?"

घातली, बाबा, घातली.

५ मार्च, बुधवार

काहीतरी चुकतंय.

मॉडेल तपासायला एक जुनं वादळ घ्यावं लागतं. मी अर्थातच आमचं घेतलं, चौतीस वर्षांपूर्वीचं. मी सात वर्षांची होते. आम्ही जेट्टीलगतच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शाळा लवकर सोडली होती. दुपारच्या भरतीला पाणी अंगणात, मग पायऱ्यांवर. आईने मला उचलून माळ्यावर बसवलं आणि स्वतः परत खाली गेली. मी रडून आकाशपाताळ एक केलं. कशाला गेली होती कुणास ठाऊक, बहुतेक ट्रंक आणायला. "बाबा कुठेत?" मी विचारलं होतं. "जेट्टीवर. पट्टी वाचतायत," आई म्हणाली. पुढे कितीतरी वेळा तिने ही गोष्ट सांगितली, आल्यागेल्याला सांगितली — दारात पाणी आलं तरी ह्यांनी रीडिंग सोडलं नाही! मी या कामात पडले ती त्या एका वाक्यापायी.

तर, त्या दिवसाचं रीडिंग बघितलं. तीन मीटर आठ. साधी भरती. पौर्णिमेला येते तेवढी.

कसं शक्य आहे? पाणी आमच्या घरात आलं होतं!

नेहमीची पद्धत केली. मोजलेल्या पाण्यातून तक्त्यातलं पाणी वजा करायचं. तक्ता म्हणजे चंद्र-सूर्यावरून वर्षभर आधीच छापलेला भरतीचा अंदाज. समुद्र कधीच तंतोतंत तक्त्याप्रमाणे वागत नाही, दोन बोटं इकडे, चार बोटं तिकडे असतंच. बाबांच्या एकतीस वर्षांच्या आलेखात ही फरकाची रेघ सारखी थरथरते आहे, तशीच असायला हवी. फक्त एका जागी ती सरळ. शून्य, शून्य, शून्य. नऊ दिवस, छत्तीस रीडिंगं. वादळ बरोबर मधोमध.

कुणीतरी पट्टी न बघता तक्त्यातले आकडे वहीत उतरवलेत.

संध्याकाळचा प्रश्न आलाच. हो म्हटलं आणि भाजी चिरायला घेतली.

६ मार्च, गुरुवार

पुन्हा पुन्हा तपासलं. वाऱ्याचा डेटा सांगतो की वादळाच्या दोन दिवसांत समुद्राकडून सलग तुफान वारा. वरच्या बंदरातल्या पट्टीवर, इथून दोनशे किलोमीटर, तक्त्यापेक्षा पाऊण मीटर जास्त पाणी. आणि आमची पट्टी म्हणते, कुठे काय, सगळं आलबेल!

ही रीडिंगं खरी धरली तर भिंत रस्त्यापासून सव्वा मीटर उंच. खरं पाणी धरलं तर दोनच्या आसपास. दोनशे बारा घरं त्या मधल्या पाऊण मीटरात आहेत.

अर्जंटरावांना म्हटलं, त्या नऊ दिवसांवर माझा भरवसा नाही, पाणी आमच्या घरात आलं होतं. "तुमच्या लहानपणच्या गोष्टी राहू द्या हो बाई. अधिकृत साइट आहे, सही-शिक्क्याचा डेटा आहे. काढायचा तर फॉर्म भरा. कोणती नोंद, का काढली, निरीक्षक कोण." फॉर्म माझ्या टेबलावर ठेवून गेले.

निरीक्षक कोण!

७ मार्च, शुक्रवार

फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवरला कुलूप लावलं. मग स्वतःचंच हसू आलं.

९ मार्च, रविवार

तीन खोल्या आणि बाबा. दिवाणखान्यात बसावं तर समोर ते प्रशस्तिपत्रक — 'एकतीस वर्षांत एकही नोंद न चुकविल्याबद्दल'. स्वयंपाकघरात जावं तर बाबा मागोमाग, "ठमे, ते मॉडेल म्हणजे नक्की काय गं?" बाथरूममध्ये नळ सोडून पाच मिनिटं नुसती उभी राहिले. "पाणी वाया जातंय!" बाहेरून हाक.

खोटं कोण बोलतंय, बाबा की मी? लिहिलं तर या माणसाचं नाव जगासमोर जाणार, जिथे तो रोज बोट ठेवून ते दाखवतो तिथेच. नाही लिहिलं तर भिंत बुटकी. जीव नुसता कोंडलाय. चिडायचं तरी कुणावर? ज्याच्यावर चिडायचं तो माझ्यासाठी डाळिंब सोलून ठेवतो.

मावशीला फोन केला. आईची धाकटी बहीण, तिला सगळं ठाऊक असतं. वादळात बाबा कुठे होते, विचारलं. "ताई म्हणायची ना, जेट्टीवर. आता कशाला उकरून काढतेस?" आणि लगेच विषय बदलला. माझ्या खिडकीच्या पडद्याचं माप मागितलं. टेप सापडेना, म्हणून दहा विती सांगितलं. मावशी हसली. "अगदी ताई! तिला तरी कधी टेप मिळायची? सगळं आपलं वीत आणि बोटं. आणि तुझा पंजाही तिचाच, तिच्या बांगड्या तुलाच तर झाल्या."

१० मार्च, सोमवार

जुन्या वह्या जिथे ठेवल्यात त्या अभिलेखागाराला मेल केला. म्हटलं, त्या नऊ दिवसांच्या मूळ पानांचं स्कॅन हवंय. साइटवर फक्त आकडे आहेत, पान कसं दिसतं तेच कुणी बघितलेलं नाही. उत्तर लगेच आलं, चक्क! "शोधून पाठवतो. ऑपरेटरने फक्त आकडे भरले होते, बाकीचे रकाने घेतलेले नाहीत."

काय मिळणार त्यात? बाबांचं अक्षर. खोटेपणाचा पुरावा, आणखी काय. हे मी का करतेय?

११ मार्च, मंगळवार

विचारलं.

जेवण झालेलं, बाबा औषधाची डबी भरत होते. मी म्हटलं, बाबा, वादळाच्या आठवड्यातली रीडिंगं तक्त्यातली आहेत. डबी तशीच हातात राहिली.

"कोण म्हणतं?"

"रेघ म्हणते. नऊ दिवस शून्य."

"समुद्र तेव्हा शांत असेल."

"बाबा, घरात पाणी होतं!"

उठले. खोलीत गेले, दार लावून घेतलं. गोळ्या टेबलावर तशाच, मंगळवारच्या खणात बुधवारच्या.

१२ मार्च, बुधवार

सकाळी बोलले नाहीत. दुपारी ऑफिसात फोन — "लवकर ये." धावत आले तर ठीकठाक बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. भिंतीवरचं प्रशस्तिपत्रक काढून मांडीवर घेतलेलं.

"मी नव्हतो," म्हणाले.

मग एकदम सगळं. जसं म्हणाले तसंच लिहून ठेवते.

"दर सहा तासांनी पट्टी, ठमे. दर सहा तासांनी. बारा वर्षं झाली होती तेव्हा. सहा तासांत जाऊन परत येता येईल, त्याच्या पलीकडे मी गेलोच नव्हतो. माझी आई गेली तेव्हासुद्धा भरती गाठायला अर्ध्यातून परत आलो. एक दिवस सकाळचं रीडिंग घेतलं, वही ठेवली, आणि समोर बस उभी होती, तिच्यात बसलो. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथे एका लॉजमध्ये नऊ दिवस. काही केलं नाही. झोपलो नुसता. वादळाचं पेपरात वाचलं."

"आणि आम्ही?"

मान खाली. "आलो तर तुझी आई दारात. एक शब्द बोलली नाही. चहा टाकला. टेबलावर वही होती, पूर्ण भरलेली. तिने भरली होती तक्त्यावरून, माझी नोकरी जाऊ नये म्हणून. मला बघवेना. डोळे मिटून पानापानावर सह्या केल्या. तिने कधी विचारलं नाही, कुठे होतात. मीही कधी विचारलं नाही, कशा राहिलात."

मी काय म्हणायला हवं होतं? मी ओरडले. सात वर्षांची असताना माळ्यावर रडले होते तशी. मला राग आलाय, अजून आहे. आईचा पण आला — 'पट्टी वाचतायत' म्हणे! माझं अख्खं आयुष्य त्या वाक्यावर उभं.

ओरडून झाल्यावर बाबा म्हणाले, "लिही तो फॉर्म. माझ्या नावाने लिही."

१३ मार्च, गुरुवार

फॉर्म भरला. छत्तीस नोंदी, कारण — निरीक्षक गैरहजर, आकडे तक्त्यावरून. खाली बाबांनी सही केली, डोळे उघडे ठेवून.

अर्जंटरावांनी वाचला, डोकं खाजवलं. "धाडसाचं आहे. पण बाई, त्या जागी घालणार काय? भोक तर मॉडेलला चालत नाही. वरच्या बंदराचं पाणी इथे लावता येणार नाही, खाडी वेगळी. इथलं मोजलेलं काही आहे का?"

नाही.

"मग भिंत सव्वा मीटरच."

म्हणजे एवढं सगळं उघडं करून, घरातलं माणूस चव्हाट्यावर आणून, हाती शून्य. सुटले म्हणावं तर पुन्हा तिथेच. उद्या शेवटचा दिवस. घरी आले तर भिंतीवर प्रशस्तिपत्रकाच्या जागी फिकट चौकोन, आणि बाबांनी आज काहीच विचारलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी स्कॅन आलं. आकड्यांशेजारी 'शेरा' म्हणून एक अरुंद रकाना. नऊ दिवस कोरा, फक्त वादळाच्या दुपारी आईचं बारीक अक्षर: 'पट्टी बुडाली. दिसत नाही. मुलीला माळ्यावर ठेवून खाली आले. आपल्या तिसऱ्या पायरीवर पाणी एक वीत चार बोटं.'

ट्रंक आणायला नव्हती गेली.

क्वार्टर अजून आहे, आता त्यात जाळी ठेवतात. सर्व्हेवाल्याला घेऊन गेले, बाबाही आले. तिसऱ्या पायरीवर वाकून मी पंजा उभा ताणला, आईच्या बांगड्या खाली घसरल्या, वर चार बोटं धरली. सर्व्हेवाल्याने दुर्बिणीतून आकडा सांगितला. तक्त्यापेक्षा ब्याऐंशी सेंटिमीटर जास्त, म्हणजे भिंत दोन मीटर. बाबांनी माझ्या हातातला नव्या नोंदीचा फॉर्म घेतला, 'निरीक्षक'पुढे आईचं पूर्ण नाव लिहिलं, आणि मग पायरीवर बसून राहिले.