वॉशिंग मशीनमागचं वचन

झिरकपूर,
मंगळवार

प्रिय पद्मिनीआत्या हिला तिच्या एकुलत्या एका भाच्याचा, म्हणजे शुभंकरचा, प्रभूमध्ये मनापासून सलाम.

तुझा गुडघा कसा आहे? दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, आता काळा चष्मा सुटला असेल. (सुटला असेल तर हे पत्र शेजारच्या नयनाकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच. नयना गुणी मुलगी आहे, पण तिने सकाळी वाचलेलं संध्याकाळपर्यंत अख्ख्या संगमनेरच्या मंडळीला पाठ झालेलं असतं.) गायनसंघातलं भांडण मिटलं का, की यंदाच्या नाताळातही निम्म्या बायका भिंतीकडे तोंड करून गाणार? आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुझी सून चिन्मयी हवाई दलात देशाचं रक्षण करते आणि मी तिच्या मागोमाग खोकी बांधत या गावातून त्या गावात जातो. सरकारी क्वार्टर अजून मिळालेलं नाही, त्यामुळे झिरकपूरच्या या सातव्या मजल्यावर मुक्काम आहे. इथून चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या माझ्या स्टुडिओत जायला रोज एवढा वेळ लागतो की प्रार्थना, न्याहारी आणि पश्चात्ताप, तिन्ही रस्त्यातच उरकतात.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. कारण फोन केला की तू व्हिडिओ सुरू करायला सांगतेस, आणि व्हिडिओ हेच तर या गोष्टीचं मूळ आहे. थोडं मागून सांगतो.

मी नेमकं काय काम करतो हे तुला कधी कळलं नाही, आणि लोकांना तू ‘शुभंकर कॉम्प्युटरवर रंग देतो’ असं सांगतेस, तेही फारसं चुकीचं नाही. डबा, बाटली, पाटी, पत्रिका कशी दिसावी ते मी ठरवतो. पण गेली काही वर्षं मला असं वाटायला लागलं होतं की मी नुसता डिझायनर नाही, मी श्रद्धावान डिझायनर आहे. रोज सव्वानऊ ते नऊ वीस प्रार्थना, मग काम. (कॅलेंडरमध्ये तशी नोंद आहे आणि ती ऑफिसात सगळ्यांना दिसते, हा योगायोग नाही.) रिकामी जागा हा माझ्या श्रद्धेचा मोठा विषय झाला होता. गिऱ्हाइकाने विचारलं की पान कोरं का सोडलंय, तर मी डोळे अर्धवट मिटून सांगायचो की देव शांततेत बोलतो. गिऱ्हाईक मान डोलवायचं. त्याला पटायचं म्हणून नव्हे, देवाचं नाव आलं की कोण वाद घालणार म्हणून.

याचा कळस गेल्या उत्तम शुक्रवारी झाला. आमची मंडळी मनीमाजऱ्यात एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरते. पास्टरजींनी मला उपासनेचं पोस्टर करायला सांगितलं. मी मोठ्या पांढऱ्या कागदाच्या कोपऱ्यात एक बारीक काळा क्रूस काढला आणि खाली फिक्या राखाडीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, वेळ घातली. बारा ते तीन. म्हाताऱ्या मंडळींना त्यातलं फक्त तीन दिसलं. पास्टरजी हॉलला कुलूप लावत होते तेव्हा चौदा जण जिना चढून आले, त्यातले दोघे काठी टेकत. पास्टरजी भला माणूस. ते एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळी वेळ मी माझ्या हाताने मार्करने लिहीन.” मी त्यातूनही धडा घेतला नाही. माझी कला काळाच्या पुढे आहे असं चिन्मयीला सांगितलं, तर ती म्हणाली, तीन तास पुढे.

आता मुख्य पाप. आमच्या लग्नात तू भरतकाम केलेली फ्रेम दिलीस, ‘प्रभू या घराचा धनी आहे’. पोपटी आणि राणी रंगाचा रेशमी दोरा, साखळी टाका, भोवती गुलाब, मधोमध दोन कबुतरं. (आत्या, ती कोंबड्यांसारखी दिसतात. आज सगळं खरं सांगायचं ठरवलंय म्हणून हेही सांगतो.) चार महिने तू त्यावर बसली होतीस, आणि तेव्हा तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ती फ्रेम मी तीन वर्षांत एकदाही भिंतीवर लावली नाही. माझ्या पांढऱ्या भिंती, माझी रिकामी जागा, माझी शांतता, यात तो पोपटी रंग बसेना. घरमालक खिळा ठोकू देत नाही असं मी तुला सांगितलं असतं, पण तू विचारलंसच नाहीस. तू फक्त व्हिडिओवर म्हणायचीस, वचन कुठं लावलंय ते दाखव. मग चिन्मयी ती फ्रेम वॉशिंग मशीनच्या मागून काढायची, पुसायची आणि माझ्या डोक्यामागे दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. गायनसंघाचं भांडण तू मला पहिल्यांदा सविस्तर सांगितलंस तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. भिंतीवरचं वचन थरथरतंय असं तू म्हणालीस, आणि मी भूकंपाचं कारण दिलं. भारतीय हवाई दलाची स्क्वाड्रन लीडर त्या रात्री दोन्ही खांद्यांना बाम चोळून झोपली.

तर या चैत्रात झिरकपूरचेच एक हरकीरतजी माझ्याकडे आले. त्यांचं लोणच्याचं काम आहे, आईच्या हातच्या चवीचं, आणि बरणीवर हिंदीत नाव हवं होतं. मी प्रार्थना करून दहा डिझाइन केली, सगळी स्वच्छ, सगळी शांत. हरकीरतजींनी दहाही पाहिली आणि फार वाईट वाटून म्हणाले, “शुभंकरजी, ये तो खांसी की दवाई लगती है.” अकरावं डिझाइन दाखवायला सोमवारची मुदत. शनिवारी मी गुडघ्यावर बसून अर्धं मिनिट प्रार्थना केली (अर्धंच, कारण प्लंबर आला). मशीनखाली पाणी साचत होतं. प्लंबरने मशीन पुढे ओढलं, आणि मागे तुझी फ्रेम उभी होती, खालून ओली झालेली.

ती पुसायला मी जमिनीवर बसलो आणि तिथेच बसून राहिलो. पंधरा वर्षं अक्षरांचा धंदा करून मी तुझी अक्षरं नुसती वाचली होती, कधी बघितली नव्हती. तुझी पद्धत मला लहानपणी माहीत होती, मी विसरलो होतो. तू आधी पहिला शब्द भरतेस, मग एकदम शेवटचा, मग दोन्हीकडून आत येतेस. शेवटी जागा कमी पडून देवाचं काम दाटीवाटीत उरकायचं नाही म्हणून. आणि मधे जे उरेल तिथे पान किंवा पाखरू. म्हणून तुझ्या ओळीची दोन्ही टोकं ऐसपैस असतात आणि मधली अक्षरं जरा एकमेकांकडे सरकून बसलेली. कोणत्याही कॉलेजात असं शिकवत नाहीत. मी फोटो काढला, दोन दिवस बसून तुझी अक्षरं कॉम्प्युटरवर उतरवली, जी अक्षरं त्या वाक्यात नव्हती ती तुझ्या वळणाने बनवली, आणि मधे उरलेल्या जागेत तुझं एक कबुतरही ठेवलं. सोमवारी हरकीरतजींनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे तर माझ्या बेबेने, म्हणजे आईने, लिहिल्यासारखं वाटतं, म्हणाले. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, “पर जी, मुर्गी क्यों है? हमारा अचार तो शाकाहारी है.” कबुतराच्या जागी मिरची आली. बाकी सगळं तसंच छापलं गेलं.

इथवर मी फक्त चोर होतो. पुढच्या रविवारी मी त्यावर साक्ष दिली. आमच्याकडे उपासनेत साक्षीची वेळ असते, आठवड्यात प्रभूने काय केलं ते उभं राहून सांगायचं. कोणी तापातून उठल्याचं सांगतं, कोणी मुलाला नोकरी लागल्याचं. मी उभा राहिलो आणि सांगितलं की मी तीन दिवस गुडघ्यांवर होतो आणि प्रभूने मला अक्षरं दाखवली. ती पोपटी आणि राणी रंगांत दिसली, हा तपशीलही मी घातला. हॉलभर हालेलुया झालं. मागच्या बाकावर एक बाई रडल्या. प्लंबरचं, मशीनचं आणि तुझं नाव मी घेतलं नाही. पास्टरजी एवढे हेलावले की त्यांनी मला येत्या रविवारी तरुणांच्या सभेत बोलायला बोलावलं आहे, विषय ‘विश्वास आणि माझी कला’. घरी आल्यावर लिफ्टमध्ये चिन्मयीने विचारलं, साक्षीत खरं किती टक्के होतं? मी हिशेब केला. अर्धं मिनिट.

आत्या, मी खरंच घाबरलो आहे. लोकांना कळेल याची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती अशी की मला आता माझं खरं काय आणि दिखाऊ काय ते वेगळं करता येत नाही. म्हणून येत्या रविवारी सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकायचं ठरवलं आहे. तुझं नाव घेण्याची तेवढी परवानगी हवी.

घरात सर्वांना सलाम आणि गायनसंघाच्या दोन्ही पक्षांना समान सलाम.

तुझा,
शुभंकर

ता.क. १: हे पत्र आठ दिवस टेबलावरच राहिलं, कारण पाकीट चिकटवायचं धैर्य होईना. आज बुधवार, रविवार होऊन गेला. मी बेचाळीस स्लाइड बनवल्या होत्या, त्यातली एकही लावली नाही. तुझी फ्रेम हातात धरून उभा राहिलो आणि तुझ्या परवानगीची वाट न बघता, तुझ्या नावानिशी, सगळं सांगितलं, भूकंपासकट. मला वाटलं होतं आता सन्नाटा पसरेल. तर पहिल्या बाकावरून बलजीत आंटींनी विचारलं की बुआजी ऑर्डर घेतात का. अकरा जणींनी नावं दिली आहेत. पास्टरजींना व्यासपीठामागे लावायला नऊ फुटी वचन हवं आहे. मी सगळ्यांना हो म्हणून बसलो आहे. हरकीरतजींनाही सांगितलं, त्यांनी पुढच्या खेपेपासून बरणीवर ‘अक्षरे: पद्मिनी उजागरे’ असं छापायचं ठरवलंय. ते चांगलं ठळक घेतलं आहे, काळजी नसावी.

ता.क. २: बाबांनी काल सांगितलं की ऑपरेशननंतरही तुला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि रिंग, दोरे, कात्री सगळं तू नयनाला देऊन टाकणार आहेस. देऊ नकोस. सोबत कापडाचा तुकडा पाठवतोय. त्यावरचे तीन शब्द मी भरले आहेत, रोज सव्वानऊ ते दहा. कॅलेंडरमधली नोंद काढून टाकली आहे. साखळी टाका मधेच का आवळला जातो ते कळत नाही आणि बोटांना भोकं पडली आहेत. ऑक्टोबरात पंधरा दिवस सुट्टी काढून संगमनेरला येतो. माझे डोळे शाबूत आहेत, बाकी सगळं तुझ्याकडून घ्यावं लागेल. मला शिकव. पत्र खरं तर आता एवढ्यासाठीच पाठवतोय.

ता.क. ३: पाकीट बंद करण्याआधी चिन्मयीने पत्र वाचलं. ती म्हणाली, विनोद बरे आहेत, पण यात तू आत्याची माफी कुठे मागितली आहेस? मी सगळं पुन्हा वाचून काढलं. कुठेच नाही. आत्या, मला माफ कर.