तळ्याच्या मातीची सान्वी

६ जानेवारी
आलो बाई एकदाचे ठाण्यात, माजिवड्याला! दिवा स्टेशनजवळच्या घरात चार वर्षं बादल्या भरून ठेवण्यात गेली. इथे नळाला दिवसभर पाणी, आणि मागची एक अख्खी खोली फक्त माझ्या कुंभारकामाच्या चाकाला आणि भट्टीला. विनीतची नोकरी पुण्याला, तो शनिवारी येणार; तोवर घरात मी आणि सहा वर्षांची सान्वी. विजेची भट्टी उतरवताना हमालांनी माझा मनसोक्त उद्धार केला, पण बसली धड. घरमालकीण शकूआजी इथल्याच, पूर्वी यांची भातशेती होती. त्यांनी लगेच चिंबोऱ्यांचं कालवण पाठवलं. सान्वीने बोटं चाटली, मी टोप.

९ जानेवारी
घरामागे आजींचं बुजत आलेलं तळं आहे. काठची माती इतकी मऊ की विकतच्या मातीला ती सर नाही. आजी म्हणाल्या, त्यांच्यात पोर आजारी पडलं की याच मातीचा त्याचा चेहरा करतात आणि दुसऱ्या दिवशी तळ्यात विरघळू देतात. दुखणं मातीबरोबर जातं. माती न्यायला ना नव्हती, फक्त बजावलं, "काय पन कर पोरी, पन भाजू नको गो. पान्यान सोर." पाण्यातच सोडायचं म्हणे. मी मान डोलावली. न भाजता शिल्प ठेवायचं म्हणजे कच्ची पोळी ताटात वाढायची! कल्पना मात्र झकास मिळाली. सान्वीचं डोकं करणार.

१५ जानेवारी
झालं! थेट सान्वी, गालावरच्या खळीसकट. आतून पोकळ केलंय आणि नाकपुड्या आरपार ठेवल्यात. आतल्या हवेला वाट नसेल तर भट्टीत फुटतं. आजींना दाखवलं नाही. उगाच कटकट कोण ऐकणार?

१९ जानेवारी
पहिली भाजणी काल पार पडली. नेमका कालच सान्वीला सणसणीत ताप, आज उतरला. डोकं सुरेख निघालंय. जरा आटलंय, पण माती भाजली की दहा टक्के आटतेच. आता ग्लेझचा चकचकीत लेप चढवून पुन्हा भाजलं की काम फत्ते. संध्याकाळी सान्वीचे पाय शाळेच्या बुटांतून निसटत होते. तापाने वाळली असेल पोर.

२१ जानेवारी
तापाने पाऊल लहान होत नाही. डिसेंबरात शाळेने उंची मोजली तेव्हा एकशे अठरा सेंटिमीटर होती. आज एकशे सहा. टेप बदलून तीनदा मोजली. विनीत फोनवर हसला, नीट मोज म्हणाला. शेवटी शकूआजींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कच्चं असतं तर पाण्यात विरून मोकळं झालं असतं, भाजलेलं आता कुठे जाणार? पुन्हा विस्तवाजवळ नेऊ नकोस म्हणून त्यांनी माझे हात धरले. मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

२३ जानेवारी
मूर्खपणा केला. विरघळेल या आशेवर डोकं बादलीत सोडलं. एकदा भाजलेली माती विरघळत नाही, नुसती पाणी पिते. मला, मला हे माहीत नव्हतं? शिल्पाच्या नाकातून बुडबुडे आले आणि पुढच्या खोलीत सान्वी पलंगावर गुदमरू लागली. नाकातोंडातून पाणी. तसंच बाहेर काढलं. नौपाड्याच्या डॉक्टरांनी विचारलं, पोहायला गेली होती का, छातीत पाणी आहे.

२५ जानेवारी
डोकं उन्हात ठेवलं की तिला बरं वाटतं. आत आणलं की ते दमट हवा पितं, हिची छाती घरघरते. असं किती दिवस? कुणाचा धक्का लागून फुटलं तर? ग्लेझचा काचेसारखा थर बसला तर पाणी शिरणार नाही. कमी आचेवर भाजेन, म्हणजे आणखी आटणार नाही. एक दिवस ताप येईल, मागच्यासारखाच जाईल. दुसरं काही सुचत नाही. आजींना सांगणार नाही.

२७ जानेवारी, सकाळी सात
ग्लेझमध्ये बुडवलं. भट्टी लावली.

दुपारी एक
ताप खूप. ओल्या पट्ट्या ठेवतेय. म्हणते, आई, नाकात पीठ गेलंय—

अडीच
दाभण! बुडवल्यावर नाकपुड्या दाभणाने मोकळ्या करायच्या असतात. दर वेळी करते. दाभण फळीवर कोरडं पडलंय. मी विसरले. भट्टीच्या भोकातून पाहिलं— नाकपुड्या नाहीत. सपाट, चकचकीत—

पावणेतीन
भट्टी बंद केली. निवायला उद्याची सकाळ. सान्वीला श्वास— तोंड उघड म्हणतेय, उघडत नाही. शिल्पाचे ओठ मी मिटलेले घडवलेत, आता ग्लेझने सांधले. अॅम्ब्युलन्स निघालीय म्हणे. आजी दार वाजवताहेत. कुणाला तरी कळावं म्हणून लिहितेय— मीच केलं, मीच—

ग्लेझ अजून पातळ आहे. सळईने भोक पडेल. पण झाकण उघडून गार हवा लागली तर डोकं तडकेल. नाही उघडलं तर—

ओठ निळे पडले.

झाकण चार बोटं उचललं. सळई एका नाकपुडीत गेली. गेली! तिने श्वास घेतला, मी ऐकला—

आणि टिंग. तडा जाताना होतो तो आवाज. शिल्पाकडे पाहिलं, धड आहे. पुन्हा टिंग. भट्टीतून नाही, पलंगावरून—

सान्वी, हलू नकोस, बाळा, आई येतेय, अजिबात हल—